कुंडीतील लिंबू : घर, गॅलरी आणि गच्चीसाठी लिंबूवर्गीय झाडांचे व्यवस्थापन

"रोपवाटिकेतून आणले तेव्हा झाडाला सात-आठ लिंबे होती. दिवाणखान्यात ठेवले, रोज न चुकता पाणी घातले. दोन महिन्यांत पाने पिवळी पडून गळाली. आता कोणते औषध मारू?" या आशयाचे प्रश्न शहरातून वर्षभर येत असतात. रोपे विकणाऱ्या शेतकऱ्यांकडे ते येतात, कृषी सहायकांकडे येतात आणि आमच्याकडेही येतात. बहुतेक वेळा उत्तर एकच असते. औषधाची गरज नाही. झाडाला प्रकाश कमी पडला आहे आणि त्या कमी प्रकाशात पाणी जास्त झाले आहे.

कुंडीत लिंबू जगवणे अवघड नाही. मात्र शेतातल्या लिंबाचे नियम कुंडीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शेतातील झाडाची मुळे पाणी आणि अन्न शोधत दूर जातात. कुंडीतील झाडाला जे मिळते ते तुम्ही दिलेलेच असते आणि नको ते टाळण्याचीही त्याला सोय नसते. म्हणून प्रकाश, मुळांना हवा आणि पाणी या तीन गोष्टी याच क्रमाने सांभाळाव्यात. खते आणि फवारण्या त्यानंतर.

घरात झाड ठेवण्याची पद्धत आली कुठून?

लिंबूवर्गीय झाडे कुंडीत वाढवण्याची पद्धत थंड प्रदेशातील आहे. युरोपात हिवाळ्यातील हिमतुषाराने ही झाडे मरत, म्हणून ती लाकडी पेट्यांत लावून थंडीत आत नेत. फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्याच्या झाडांसाठी मोठी इमारत बांधली गेली. तिला दक्षिणेकडे तोंड असलेल्या उंच खिडक्या आहेत. ही झाडे फक्त हिवाळ्यापुरती आत असत आणि उन्हाळा आला की पुन्हा उन्हात ठेवली जात.

आपल्याकडे परिस्थिती उलट आहे. महाराष्ट्रात बहुतेक भागात लिंबू वर्षभर बाहेर राहू शकते. थंडीसाठी ते घरात आणण्याची गरज नाही. जागा नसल्यामुळे आपण ते घरात ठेवतो. त्यामुळे आपल्याकडे "घरातील लिंबू" याचा व्यवहारातला अर्थ गॅलरीतील, खिडकीच्या जाळीतील किंवा गच्चीवरील लिंबू असा घ्यावा. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीशेजारी लिंबू टिकत नाही.

जागा आणि प्रकाश

फळे हवी असतील तर दिवसाला किमान ६ तास थेट ऊन लागते. ४ तास उन्हात झाड हिरवे राहील, पण फुले-फळे कमी येतील. त्याहून कमी उन्हात झाड साठवलेल्या अन्नावर काही महिने काढते आणि मग पाने टाकू लागते. भर दुपारी मोकळ्यावर प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत ती अनेकदा काहीशे लक्सच भरते. आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही. झाडाला तो जाणवतो.

जागा तपासण्याची सोपी पद्धत अशी. कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर हाताची सावली पाडा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर थेट ऊन आहे. सावली पुसट असेल तर फळासाठी प्रकाश पुरेसा नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहून स्पष्ट सावलीचे तास मोजा.

दिशेप्रमाणे महाराष्ट्रात साधारण असे चित्र दिसते :

- पूर्वेची गॅलरी : सकाळचे कोवळे ऊन मिळते. लिंबासाठी चांगली जागा, फक्त समोर उंच इमारत नसावी.
- दक्षिणेची गॅलरी : ऑक्टोबर ते मार्च भरपूर ऊन. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. या काळात कुंडी कठड्याजवळ सरकवावी.
- पश्चिमेची गॅलरी : दुपारनंतरचे कडक ऊन. झाड येते, पण उन्हाळ्यात पाण्याकडे रोज लक्ष हवे.
- उत्तरेची गॅलरी : थेट ऊन फक्त मे ते जुलैच्या सुमारास आणि त्यातलाही मोठा भाग ढगाळ. येथे लिंबू लावू नये.
- गच्ची : उत्तम जागा. मात्र एप्रिल-मेमध्ये कुंडीची बाजू तापून आतली मुळे भाजतात. झाडापेक्षा कुंडीला सावली द्यावी. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळावे किंवा लहान कुंड्या पुढे लावाव्यात. काळ्या रंगाच्या कुंड्या टाळाव्यात.

रोपवाटिकेतील शेडनेटमधून आणलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये. १० ते १५ दिवसांत ऊन हळूहळू वाढवावे. उन्हातील झाड एकदम खोलीत नेले तरी ते पाने गाळते, कारण उन्हासाठी तयार झालेली पाने कमी प्रकाशात टिकत नाहीत.

कोणते झाड निवडावे?

कागदी लिंबू : आपल्या स्वयंपाकघराच्या उपयोगाचे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे साई शरबती व फुले शरबती आणि मराठवाडा कृषी विद्यापीठाचे विक्रम व प्रमालिनी हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. भरपूर ऊन असेल तर कुंडीतही चांगले येतात. काटे असतात, म्हणून लहान मुलांच्या वाटेत कुंडी ठेवू नये.

सीडलेस लिंबू : फळ मोठे, साल पातळ, काटे कमी. परागीभवन न होताही फळ धरते, त्यामुळे बंद गॅलरीसाठी सोयीचे.

चायना ऑरेंज : रोपवाटिकेत छोट्या संत्र्यांनी लगडलेले जे झाड दिसते ते बहुधा हेच असते. फळ आंबट, सरबताला आणि लोणच्याला चालते. कुंडीत आणि थोड्या कमी उन्हात तग धरण्यात लिंबूवर्गात हे पुढे आहे. ग्राहकाला "संत्रा" म्हणून देऊ नये, चव पाहिल्यावर तो नाराज होतो.

कुमक्वाट : फळ बोराएवढे, सालीसकट खातात. झाड आटोपशीर राहते.

मेयर लेमन : पिवळ्या सालीचे, कमी आंबट. फ्रँक मेयर या संशोधकाने १९०८ साली चीनमधून अमेरिकेत नेले. तिकडे घरातील कुंडीसाठी हेच जास्त लावतात. पुढे असे आढळले की ही झाडे बाहेरून निरोगी दिसत, पण त्यांच्यात ट्रिस्टेझा विषाणू असे. त्यामुळे १९७५ मध्ये विषाणूमुक्त सुधारित निवड प्रसारित करावी लागली. रोप निरोगी दिसते म्हणून मातृवृक्षही निरोगी असेलच असे नाही, हा यातला धडा आहे.

मोसंबी आणि संत्रा कुंडीत येतात, पण मोठी कुंडी आणि पूर्ण ऊन लागते. फळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतात. पपनस कुंडीत लावू नये.

बियांचे रोप की कलम?

घरात लिंबू लावू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत येथे होते. कागदी लिंबाच्या एका बीमधून अनेकदा दोन-तीन रोपे येतात. त्यातली बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात, म्हणून शेतात बियांपासून लागवड चालते. पण बियांच्या रोपाला फळ यायला साधारण ४ ते ६ वर्षे लागतात, सोटमूळ खोल जाऊ पाहते आणि काटे जास्त असतात. कुंडीत हा काळ आणखी लांबतो. अनेक घरांत दहा-दहा वर्षे जपलेले, एकही फळ न दिलेले लिंबाचे झाड असते. ते बहुधा बियांचे असते आणि कमी उन्हात उभे असते.

कुंडीसाठी गुटी कलम किंवा डोळा भरलेले कलम घ्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरता येते. खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

- डोळा भरलेल्या कलमात जोड स्पष्ट दिसावा आणि मातीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर असावा.
- पानांवर खैऱ्याचे खरबरीत डाग, नागअळीच्या चंदेरी नागमोडी रेषा, पानाखाली खवले कीड नसावी.
- फळांनी लगडलेल्या रोपापेक्षा भरपूर पाने आणि नवी फूट असलेले रोप घ्यावे.
- पिशवी हलवून पाहावी. खोड मातीत डगमगत असेल तर मुळे कमी आहेत.

डोळा भरलेल्या कलमात खालचा खुंट जंभेरी किंवा रंगपूर लाईमचा असतो. जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा हा खुंटाचा असतो. तो जोमाने वाढतो, काटेरी असतो आणि ग्राहक "झाड जोरात आहे" म्हणून खुश होतो. वर्ष-दोन वर्षांत मूळ कलम दबून मरते आणि जंभेरीचे झाड उरते. म्हणून जोडाखालील फूट दिसताच बोटाने मोडून काढावी.

कुंडी आणि माती

लहान रोप थेट मोठ्या कुंडीत लावू नये. मुळे जिथे पोहोचलेली नाहीत ती माती ओलीच राहते आणि तिथून कुज सुरू होते. सुरुवात १० ते १२ इंची कुंडीत करावी. मुळे कुंडीभर झाल्यावर दर वेळी २ ते ३ इंच मोठी कुंडी घ्यावी. शेवटची कुंडी १८ ते २० इंचांची पुरते. मातीची कुंडी लवकर सुकते, पण मुळांना हवा चांगली देते. प्लॅस्टिक कुंडी आणि ग्रो बॅगही चालतात. तळाला पुरेशी भोके असणे ही अट सर्वांना सारखीच आहे.

१८ इंची भरलेल्या ओल्या कुंडीचे वजन ५० ते ६० किलो होते. अशा कुंड्या गॅलरीच्या पुढच्या टोकाला ओळीने लावण्याआधी बांधकामाचा विचार करावा. वर सांगितल्याप्रमाणे कठड्याजवळ सरकवायची कुंडी लहान आणि एखाद-दुसरीच असावी. गच्चीवर कुंड्या तुळई किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवाव्यात.

मिश्रणासाठी प्रमाण, घमेल्याने मोजून :

- लाल किंवा पोयट्याची माती : ४ भाग
- चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत : ३ भाग
- धुतलेले कोकोपीट : १ भाग
- जाडसर वाळू, वीटचुरा किंवा भाताचा तूस : २ भाग
- प्रति कुंडी निंबोळी पेंड १०० ग्रॅम आणि ट्रायकोडर्मा १० ग्रॅम

काळी माती वापरू नये. ती ओली असताना चिकटते, सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि दिलेले पाणी कडेने वाहून जाते. चुनखडीची मातीही टाळावी. लिंबूवर्गीय झाडांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो. चुन्याचे प्रमाण वाढले की लोह, जस्त मुळांना मिळत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात.

लावताना पिशवीतील मातीच्या गोळ्याकडे लक्ष द्यावे. अनेक पिशव्या चिकण मातीने भरलेल्या असतात. तो घट्ट गोळा जसाच्या तसा भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर दोन्हींमध्ये पाणी सारखे मुरत नाही. कधी बाहेरचे मिश्रण भिजते आणि गोळा कोरडा राहतो, कधी बाहेर सुकते आणि गोळा चिखल होऊन बसतो. गोळ्याच्या बाहेरची २ ते ३ सेंटिमीटर माती बोटांनी अलगद मोकळी करावी, गोल फिरलेली मुळे सोडवावीत आणि मग लावावे. कलमजोड मातीत गाडू नये. कुंडीचा वरचा २ इंच भाग पाण्यासाठी मोकळा ठेवावा.

पाणी : वेळापत्रक नको, तपासणी हवी

"दिवसाआड किती पाणी द्यावे?" या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही. झाड पाणी किती उचलते हे प्रकाशावर ठरते. उन्हातले झाड मे महिन्यात रोज पाणी मागेल. तेच झाड खोलीत असेल तर ८ ते १० दिवस मागणार नाही.

बोट दोन पेरे मातीत घालावे. तिथे ओल लागली तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तर द्यावे. लहान कुंडी उचलून वजनावरूनही अंदाज येतो. पाणी देताना तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे. रोज कपभर पाणी घालण्याची सवय वाईट, कारण वरची माती सतत ओली आणि खालची कोरडी राहते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे.

लिंबूवर्गीय झाडांना क्षार सहन होत नाहीत. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे वाया पाणी बरेच लोक कुंड्यांना घालतात. त्यात क्षार एकवटलेले असतात, ते लिंबाला देऊ नये. बोअरचे पाणी जड असेल तर पावसाचे साठवलेले पाणी अधूनमधून द्यावे. कुंडीवर पांढरा थर दिसला किंवा पानांची टोके करपू लागली की साधे पाणी भरपूर देऊन माती धुऊन काढावी. गच्चीवर हे काम पाऊस करतो. छताखालच्या गॅलरीत ते दोन महिन्यांतून एकदा आपण करावे.

खते

कुंडीतून पाण्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात. म्हणून थोडे आणि वारंवार देण्याचे धोरण ठेवावे.

- फेब्रुवारी, जून आणि सप्टेंबरमध्ये १२ ते १४ इंची कुंडीला ५०० ग्रॅम गांडूळखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळावी.
- नवी फूट चालू असताना १९:१९:१९ हे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात दर १५ दिवसांनी मुळाशी द्यावे. माती आधी ओली असावी.
- फळे गोटीएवढी झाल्यावर १३:००:४५ हे खत ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून दोन वेळा फवारावे.
- नव्या फुटीवर सूक्ष्म अन्नद्रव्ये ग्रेड-२ लेबलवरील प्रमाणात फवारावीत.

मुळे खराब झालेल्या, पाने गाळणाऱ्या झाडाला खत देऊ नये. आजारी झाडाला खत घालून सुधारण्याचा प्रयत्न झाडाच्या मुळावर येतो.

फुले, फळधारणा आणि बहार

लिंबाच्या फुलांतील बहुतेक फुले आणि बारीक फळे गळतात. हे नैसर्गिक आहे, घाबरू नये. लिंबू स्वपरागीत आहे, एका झाडालाही फळ येते. जाळी लावलेल्या बंद गॅलरीत मधमाशा येत नसतील तर सकाळी फांद्या हलक्या हाताने हलवाव्यात किंवा मऊ कुंचला फुलाफुलांवरून फिरवावा. फुलापासून तोडणीपर्यंत कागदी लिंबाला साधारण ५ ते ६ महिने लागतात. पहिल्या वर्षीची फळे काढून टाकावीत, दुसऱ्या वर्षी मोजकी ठेवावीत.

छताखालच्या कुंडीला शेतापेक्षा एक फायदा आहे. शेतात हस्त बहार धरताना सर्वांत मोठी अडचण परतीच्या पावसाची असते. ताण बसत नाही आणि फुले येत नाहीत. छताखालच्या कुंडीवर पाऊस पडत नाही, त्यामुळे ताण आपल्या हातात राहतो. झाड तीन वर्षांपुढील आणि सशक्त असेल तर सप्टेंबरमध्ये पाणी थांबवावे. दुपारी पाने मलूल होऊन सकाळी ताठ होत असतील तर ताण अपुरा आहे. सकाळीही पाने वळलेली दिसली की ताण पूर्ण झाला, त्याच दिवशी पाणी सुरू करावे. कुंडीच्या आकारानुसार याला साधारण ६ ते १२ दिवस लागतात. पहिल्या दिवशी निम्मे पाणी, दुसऱ्या दिवशी पूर्ण पाणी आणि त्यासोबत गांडूळखत द्यावे. पुढील काही आठवड्यांत नवी फूट आणि फुले येतात. त्यांची फळे एप्रिल-मेमध्ये, म्हणजे बाजारात लिंबू महाग असताना मिळतात.

उन्हाळ्यात, अशक्त झाडाला किंवा नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला ताण देऊ नये. कुंडीत ओलीचा साठा थोडा असतो, ताण आणि मरण यांत अंतर फार नसते.

छाटणी आणि कुंडी बदलणे

रोप ४५ ते ६० सेंटिमीटर उंच झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. त्यानंतर सल, आतल्या बाजूच्या दाट काड्या आणि सरळ उंच जाणारे पानसोट काढावेत. जोरदार छाटणी करू नये. फुले नव्या फुटीवर येतात आणि सरसकट शेंडे कापले तर एक बहार हातचा जातो.

दर दोन ते तीन वर्षांनी जून-जुलैमध्ये झाड कुंडीतून काढावे. कडेची मुळे आणि माती २ ते ३ सेंटिमीटर जाडीने कापून नवे मिश्रण भरावे. त्याच वेळी वरचा विस्तारही थोडा हलका करावा.

कीड आणि रोग

घरात रासायनिक कीटकनाशके फवारू नयेत. कुंडीतील मोजक्या पानांवर हाताने करायचे काम जास्त प्रभावी ठरते.

- लिंबावरील फुलपाखराची अळी : लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाल्यावर हिरवी. दोन-चार अळ्या आठवड्यात छोटे झाड फस्त करतात. वेचून काढाव्यात.
- नागअळी : कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा. जास्त पोखरलेली पाने काढावीत, नव्या फुटीवर निंबोळी तेल ५ मिलि प्रति लिटर पाण्यात थोडे साबण द्रावण मिसळून संध्याकाळी फवारावे.
- पिठ्या ढेकूण, खवले कीड : पाने चिकट होतात, त्यावर कोळशी वाढते. मुंग्यांची रांग ही पहिली खूण. ओल्या फडक्याने पुसून काढावे, मग निंबोळी तेल.
- कोळी : वातानुकूलित, कोरड्या खोलीत जास्त. पानांवर बारीक फिकट ठिपके. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी.
- खैऱ्या : कागदी लिंबावर जास्त. पावसाच्या थेंबांतून पसरतो. रोगट काड्या कापून जाळाव्यात, कॉपर ऑक्सिक्लोराईड ३ ग्रॅम प्रति लिटर याप्रमाणे गच्चीवर, मोकळ्या हवेत फवारावे.
- डिंक्या आणि मूळकुज : साचलेल्या पाण्याचा परिणाम. उपायापेक्षा निचरा महत्त्वाचा.

कढीपत्त्याची कुंडी लिंबाशेजारी ठेवू नये. कढीपत्ता त्याच कुळातला आहे. लिंबावरील फुलपाखरू आणि सिट्रस सायला या दोन्ही किडी त्यावर वाढतात. सायला कीड ग्रीनिंग रोग पसरवते.

लक्षणांवरून निदान

- जुनी पाने एकसारखी पिवळी : नत्र कमी, किंवा मुळे काम करत नाहीत. आधी माती तपासा.
- नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या : लोहाची कमतरता. पाण्यातील किंवा मातीतील चुना हे मूळ कारण.
- नवी पाने लहान, अरुंद, शिरांमध्ये पिवळे पट्टे : जस्ताची कमतरता.
- जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण, बाकी पिवळे : मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर फवारावे.
- माती ओली असूनही पाने मलूल : मूळकुज. पाणी वाढवू नका.

शेवटच्या लक्षणात झाड कुंडीतून काढून पाहावे. निरोगी मूळ फिकट पिवळसर आणि घट्ट असते. कुजलेले मूळ तपकिरी असते, ओढले की साल निघून आत दोरा राहतो. कुजलेला भाग कापावा, वरचा विस्तार एक तृतीयांश कमी करावा आणि लहान कुंडीत नव्या मिश्रणात ट्रायकोडर्मा घालून लावावे. उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवावे, बोटाने तपासूनच पाणी द्यावे. नवी फूट येईपर्यंत खत नाही. खोडाची साल नखाने खरवडली असता आत हिरवे दिसत असेल, तर झाड वाचण्याची आशा आहे.

थंड देशांत राहणाऱ्यांसाठी

अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधील मराठी घरांतूनही लिंबाविषयी विचारणा होते. तिथे हिवाळ्यात झाड खरोखरच आत घ्यावे लागते. दक्षिणेच्या खिडकीजवळ ठेवून वर पांढरा एलईडी दिवा ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर रोज १२ ते १४ तास लावावा. साधारण १३ अंश सेल्सिअसखाली मुळांचे काम जवळपास थांबते. थंडगार खिडकीच्या फरशीवर कुंडी आणि पानांवर ऊन अशी स्थिती झाली तर मुळे पाणी पुरवू शकत नाहीत आणि पाने गळतात. कुंडी लाकडी पाटावर, हीटरच्या झोतापासून दूर ठेवावी. हिवाळ्यात पाणी कमी आणि खत बंद. रात्रीचे तापमान १० अंशांवर स्थिरावले की हळूहळू बाहेर न्यावे. भारतातून रोप किंवा काडी सोबत नेऊ नये. बहुतेक देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत आणि त्यातून ग्रीनिंगसारखा रोग दुसऱ्यांच्या बागांत पोहोचू शकतो.

रोपवाटिकाधारक आणि कृषी सहायकांसाठी

शहरालगतच्या रोपवाटिकांना कुंडीतील लिंबाची मागणी चांगली आहे. फळझाडांची रोपे विकण्यासाठी कृषी विभागाचा परवाना आवश्यक असतो, तो घ्यावा. रोप बियांचे, गुटीचे की डोळा भरलेले हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. कुंडीसाठीची रोपे चिकण मातीऐवजी भुसभुशीत मिश्रणात वाढवावीत. विक्रीपूर्वी दोन आठवडे त्यांना उन्हाची सवय लावावी.

विकण्यापूर्वी ग्राहकाला एकच प्रश्न विचारा : "झाड ठेवणार आहात तिथे थेट ऊन किती तास येते?" उत्तर "खोलीत उजेड भरपूर आहे" असे आले तर त्याला लिंबू देऊ नका, सावलीत टिकणारे दुसरे झाड द्या. त्या दिवशी एक विक्री कमी होईल. पण दोन महिन्यांनी वाळलेल्या काड्या घेऊन तो परत येणार नाही, आणि पुढच्या वेळी झाड घ्यायला तुमच्याकडेच येईल.